रानवाट आणि चाके

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके होत. १९८१ पूर्वी या जिल्ह्यास कुलाबा जिल्हा असे म्हणत. पेण हे गाव भोगावती नदीच्या काठी वसले आहे, तर रोहा कुंडलिकेच्या काठी. पश्चिमेस खाड्या, खारजमिनी आणि मिठागरे, पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत, आणि या दोहोंच्या मध्ये साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, जांभूळ अशा वृक्षांनी आच्छादलेल्या टेकड्या, असे या मुलखाचे रूप आहे. पावसाळ्यात येथे पाऊस धो धो कोसळतो. त्या चार महिन्यांत डोंगरांच्या कुशीतून शेकडो ओहोळ धावू लागतात आणि सारे रान हिरवेगार होऊन जाते.

या रानातून असंख्य वाटा गेलेल्या आहेत. कित्येक वाटा शेकडो वर्षांच्या जुन्या आहेत. बंदरावरचे मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवर लादून घाटमाथ्यावर नेली जात असे, आणि परतीच्या प्रवासात देशावरचे धान्य कोकणात उतरत असे. नागोठण्याजवळ सोळाव्या शतकातील जो दगडी पूल आहे, तो त्या काळच्या रहदारीची साक्ष देतो. रोह्याजवळचा अवचितगड, खांबजवळचा सुरगड आणि घोसाळे गावचा घोसाळगड या किल्ल्यांकडे जाणाऱ्या वाटाही अशाच झाडीतून वर चढतात. आज बैलांचे तांडे राहिले नाहीत; पण वाटा मात्र ओस पडलेल्या नाहीत. डोंगरावरील ठाकरवाड्या आणि कातकरीवाड्या यांतील माणसे याच वाटांनी बाजाराला येतात. मुले याच वाटांनी शाळेत जातात. स्त्रिया याच वाटांनी पाण्याचे हंडे आणि सरपणाच्या मोळ्या आणतात. काही वाड्यांपर्यंत पक्की सडक अद्याप पोचलेली नाही. तेथे कोणी आजारी पडले, तर त्याला झोळीत घालून चार जणांनी खांद्यावरून सडकेपर्यंत आणावे लागते. अशा वाडीच्या दृष्टीने रानातील वाट म्हणजे केवळ फिरण्याची जागा नव्हे. ती तिची जीवनरेषाच होय.

अलीकडे या वाटांवर एक नवा प्रवासी येऊ लागला आहे. तो म्हणजे इंजिनावर चालणारे वाहन. मुंबई आणि पुणे ही मोठी शहरे येथून काही तासांच्या अंतरावर आहेत, आणि मुंबई-गोवा महामार्ग तर या दोन्ही तालुक्यांतूनच जातो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अनेक जण मोटारसायकली आणि जीपगाड्या घेऊन इकडे येतात. डांबरी सडक सोडून चढउताराच्या, दगडधोंड्यांच्या मार्गाने गाडी हाकण्यात त्यांना मोठा आनंद वाटतो. रायगडच्या समुद्रकिनाऱ्यांवर आणखी एक वाहन दृष्टीस पडते. त्यास चार जाड व फुगीर चाके असतात, मोटारसायकलीसारखे सुकाणू असते आणि घोड्याच्या खोगिरासारखी बैठक असते. लोक त्यास ‘एटीव्ही’ असे म्हणतात. वाळू, चिखल, गवत, उतार अशा कोणत्याही जमिनीवर चालावे, याच हेतूने ते बनविलेले असते.

ही वाहने मुळातच वाईट आहेत, असे समजणे योग्य होणार नाही. वणवा विझविण्यासाठी निघालेले वनरक्षक, दूरच्या वाडीकडे औषधे नेणारे आरोग्यसेवक, पुरात अडकलेल्यांच्या मदतीला धावणारी माणसे यांना अशा वाहनाचा केवढा तरी आधार वाटतो. चाकू सुगरणीच्या हाती असला म्हणजे भाजी चिरतो आणि अजाण बालकाच्या हाती पडला म्हणजे बोट कापतो. दोष चाकूचा नसतो. तो वापरणाऱ्याचा असतो. वाहनाचेही तसेच आहे. ते कोठे न्यावे, कसे चालवावे आणि कोठे मुळीच नेऊ नये, हे ज्याला कळले, त्यालाच त्याचा खरा उपयोग करता येतो.

प्रथम वाटेवर काय घडते ते पाहू. रानातील जमीन वरवर पाहता कठीण वाटते. परंतु ती आतून सच्छिद्र असते. गळून पडलेल्या पानांचा थर तिच्यावर पसरलेला असतो. त्याखाली मुळांचे जाळे असते. गांडुळे, मुंग्या आणि इतर कीटक यांनी केलेली असंख्य बिळे तिच्यात असतात. पावसाचे पाणी या छिद्रांतून सावकाश आत मुरते आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येत राहते. मनुष्य पायी चालतो तेव्हा वाटेची एक अरुंद पट्टी तेवढी दबते. पण शेकडो किलो वजनाचे वाहन ओल्या जमिनीवरून पुन्हा पुन्हा गेले, म्हणजे चाकांखालची माती घट्ट दाबली जाते आणि तिच्यातील छिद्रे बुजतात. चाक जागच्या जागी गरगर फिरले, तर पानांचा थर आणि गवताची मुळे उखडली जातात. अशा रीतीने उतारावर दोन समांतर चर पडतात.

मराठीत या चरांना ‘चाकोरी’ असा फार जुना शब्द आहे. बैलगाडीच्या चाकांनीही चाकोरी पडतेच. परंतु बैलगाडीची वाट सहसा सौम्य चढाने, वळणे घेत जाते आणि गाडीचा वेगही बेताचा असतो. इंजिनाचे वाहन मात्र सरळ चढावर चढू शकते आणि म्हणूनच त्याची चाकोरी सरळ उताराच्या दिशेने पडते. पावसाळा येताच या चाकोरीचा ओहोळ बनतो. पाणी आत मुरण्याऐवजी वेगाने धावू लागते आणि वाटेतील माती बरोबर घेऊन जाते. पहिल्या वर्षी वीतभर असलेला चर दोन-तीन पावसाळ्यांत गुडघाभर खोल होतो. मग पुढून येणारे वाहन तो चर चुकविण्यासाठी बाजूच्या गवतावरून जाते. तेथेही चर पडतो. त्यानंतरचे वाहन आणखी बाजूला सरते. एका वाटेच्या तीन वाटा होतात, आणि तिन्ही निकामी होतात. मग डोक्यावर हंडा घेतलेल्या स्त्रीने पाय कोठे ठेवावा? झोळी वाहणाऱ्यांनी तोल कसा सावरावा? दप्तर घेऊन निघालेल्या मुलाने भर पावसात तो निसरडा चर कसा ओलांडावा?

वाहून गेलेली माती नाहीशी होत नाही. ती खालच्या भातखाचरात येऊन बसते, नाही तर ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात जाते. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या लोकवस्तीपर्यंत पोचते. ज्या धरणाच्या माथ्यावरील डोंगरांची माती जाग्यावर राहते, त्या धरणात गाळ कमी साचतो. शिवाय एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. जी गोष्ट घडविण्यास शतके लागतात, ती बिघडविण्यास मात्र एक सुट्टीचा दिवस पुरतो.

याच कारणामुळे रायगड जिल्ह्यातील एका प्रसिद्ध ठिकाणाने चाकांना आपल्या वेशीवरच थांबविले आहे. ते ठिकाण म्हणजे कर्जत तालुक्यातील माथेरान. तेथील जमीन तांबड्या जांभ्याची आहे आणि तिची माती पावसाने सहज धुपते. माथेरानला जाणाऱ्या मोटारी दस्तुरी येथे थांबतात. पुढे माणसे पायी, घोड्यावर किंवा १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या आगगाडीने जातात. २००३ मध्ये माथेरान आणि त्याच्या भोवतीचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून सरकारने घोषित केला. रुग्णवाहिकेसारख्या अत्यावश्यक गाड्यांना तेथे मोकळीक आहे, आणि अलीकडे विजेवर चालणाऱ्या काही रिक्षांचा प्रयोगही करण्यात आला आहे. तरीही खाजगी मोटारींना गावात प्रवेश नाही. यावरून असे दिसते की, प्रत्येक वाट प्रत्येक चाकासाठी नसते. वाटेची शक्ती पाहून चाकांची मर्यादा ठरवावी लागते.

वाटेप्रमाणेच रानातील प्राण्यांचाही विचार करावयास हवा. रोहा आणि मुरूड या तालुक्यांच्या सीमेवर फणसाडचे अभयारण्य आहे. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५४ चौरस किलोमीटर आहे. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू यांचे तेथे वास्तव्य आहे. या रानात पाण्याची काही नैसर्गिक कुंडे आहेत. त्यांना तेथील लोक ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात ओढे आटले, म्हणजे दूरदूरचे पशुपक्षी या गाणांवर पाणी पिण्यास येतात. अशा वेळी जवळून इंजिनाचा कर्कश आवाज झाला, तर तहानलेले जनावर पाणी न पिताच माघारी पळते. रणरणत्या उन्हात पुन्हा दुसरे पाणी शोधणे त्याला किती जड जात असेल, याची कल्पना करता येईल.

लहान जीवांची अवस्था याहूनही बिकट होते. रातवा नावाचा पक्षी घरटे बांधीत नाही. तो जमिनीवरच, वाळक्या पानांमध्ये अंडी घालतो, आणि रात्री रानातील मोकळ्या वाटेवर बसून राहण्याची त्याला सवय असते. त्याचा रंग मातीशी इतका मिळताजुळता असतो की, वाहन अगदी जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही. टिटवीची अंडीही उघड्या जमिनीवर असतात. पहिला पाऊस पडला की बेडूक आणि डोंगरातील खेकडे मोठ्या संख्येने बाहेर पडतात आणि वाटा ओलांडू लागतात. ठराविक वाट सोडून गवतातून चाक फिरविणाऱ्याला आपण किती जीव चिरडले, हे कळतही नाही.

याखेरीज उन्हाळ्यात वणव्याचे भय असते. माघ-फाल्गुन उलटला की गवत वाळून कोळ होते आणि सागाच्या मोठमोठ्या पानांचा खच रानात पडतो. धावून तापलेल्या गाडीची धूर सोडणारी नळी अतिशय उष्ण असते. तशी गाडी वाळक्या गवतात उभी केली, तर तेवढ्या उष्णतेनेही गवत पेट घेऊ शकते. जळती विडी किंवा काडी टाकणारा तर प्रत्यक्ष संकटालाच आमंत्रण देतो. एकदा पेटलेला वणवा डोंगरमाथ्यापर्यंत धावत जातो आणि रानातील रोपे, घरटी व माणसांनी साठविलेला चारा यांची राखरांगोळी करतो. म्हणून वाहन नेहमी उघड्या, गवतरहित जागेवरच उभे करावे.

या सर्व कारणांसाठी कायद्याने काही बंधने घातली आहेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात परवानगीवाचून शिरणे किंवा आग लावणे हा अपराध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. म्हणून कोणत्याही रानवाटेवर वाहन नेण्यापूर्वी ती वाट वाहनांसाठी खुली आहे की नाही, हे वनखात्याच्या कार्यालयात विचारून घेणे, ही पहिली पायरी होय. वाट आहे, म्हणजे ती वाहनासाठीच आहे, असे मानणे चुकीचे ठरते. चालविणाऱ्याच्या बाबतीतही नियम स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार मोटार वाहन चालविण्याचा परवाना साधारणतः वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ मध्ये या कायद्यात जी सुधारणा झाली, तिच्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केला, तर त्याच्या पालकालाही दोषी धरले जाते.

हे बंधन मुलांचा आनंद हिरावून घेण्यासाठी घातलेले नाही. त्यामागे शरीराचे आणि पदार्थविज्ञानाचे सरळ नियम आहेत. चार चाकांचे वाहन दिसण्यात भक्कम असते. परंतु त्याची लांबी-रुंदी कमी आणि बैठक उंच असल्याने त्याचा तोल चटकन जातो. चालविणाऱ्याला वळणावर आणि उतारावर आपल्या शरीराचा भार योग्य बाजूस टाकून तो तोल राखावा लागतो. चढावर त्याने पुढे झुकावे लागते, उतरताना मागे रेलावे लागते, आणि वळताना वळणाच्या आतील बाजूस कलावे लागते. लहान मुलाच्या अंगात एवढे वजनही नसते आणि एवढे बळही नसते. वाहन कलंडले, तर दोनशे किलोंहून अधिक वजन अंगावर येते. ज्या वाहनावर एकाच माणसाची बैठक आहे, त्यावर दुसऱ्याने बसणे धोक्याचे असते, त्याचेही कारण हेच. मागे बसलेल्या माणसामुळे भार मागे सरकतो, आणि चढावर पुढची चाके उचलली जातात.

या बाबतीत इतर देशांचा अनुभवही बोलका आहे. १९७० मध्ये जपानच्या होंडा कंपनीने अमेरिकेत अशा प्रकारचे तीन चाकांचे वाहन विक्रीस आणले. ते हलके आणि गमतीचे असल्याने फार लोकप्रिय झाले. पण ते वळणावर सहज उलटत असे. अपघात वाढत गेले. त्यांत लहान मुलांचाही समावेश होता. अखेर १९८८ मध्ये तेथील सरकार आणि कारखानदार यांच्यात करार होऊन तीन चाकी वाहनांची विक्री थांबविण्यात आली, आणि मोठ्यांसाठी बनविलेले चार चाकी वाहन सोळा वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशाराही देण्यात आला. त्याच देशात २००५ मध्ये राष्ट्रीय वनांसाठी एक नियम झाला. प्रत्येक वनात वाहनांसाठी कोणत्या वाटा खुल्या आहेत, हे ठरवून त्यांचा नकाशा प्रसिद्ध करावा, आणि नकाशात नसलेल्या वाटेवर वाहन नेऊ नये, असे त्या नियमाचे सार आहे. विस्तीर्ण वने लाभलेल्या देशालाही चाकांसाठी चाकोरी आखून द्यावी लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सुरक्षिततेचे काही नियम सर्वांनीच जाणून घ्यावेत. कारण आजची मुले उद्या वाहने चालविणार आहेत. डोक्याचे रक्षण करणारे शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, घातल्यावाचून वाहनावर बसू नये. अंगभर जाड कपडे, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट असावेत. कारण रानात काटे, फांद्या आणि दगड यांचा मारा सतत होत असतो. वेग नेहमी नजरेच्या टप्प्यात ठेवावा. वेग दुप्पट झाला की, ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ते सुमारे चौपट होते. वळणापलीकडे गुरे उभी आहेत की शाळकरी मुले, हे दिसत नसेल, तर तेथे वेग कमी करणे हाच शहाणपणा होय. तीव्र उतारावर वाहन आडवे नेऊ नये. रानात एकट्याने जाऊ नये. कोठे जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी किंवा गावात सांगून निघावे. कारण डोंगरांच्या आड अनेक ठिकाणी दूरध्वनी लागत नाही.

पाण्याच्या बाबतीत कोकणात विशेष दक्षता घ्यावी लागते. गुडघाभर वाहते पाणीही माणसाचे पाय उखडून टाकू शकते. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की, खाली ऊन पडलेले असतानाही ओढ्याला अचानक लोंढा येतो. कुंडलिका नदीची गोष्ट तर आणखी निराळी आहे. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथील वीजगृहात आणले जाते. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. वीज निर्माण करून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत सोडण्यात येते. कोलाडजवळ लोक रबरी होड्यांतून जो खळाळता प्रवास करतात, तो या पाण्यावरच. परंतु पाणी सुटले की, पाऊस नसतानाही नदीची पातळी थोड्याच वेळात वाढते. सकाळी पायी ओलांडलेला उथळ पाण्याचा उतार दुपारी ओलांडता येईलच, असे नाही. ही गोष्ट नदीकाठच्या गावकऱ्यांना ठाऊक असते. बाहेरून आलेल्या प्रवाशाला ती ठाऊक नसते. म्हणून अनोळखी पाण्यात वाहन घालण्यापूर्वी गावातील माणसाला विचारावे, आणि त्याने ‘नको’ म्हटले तर निमूटपणे मागे फिरावे.

वाटेवरचा शिष्टाचारही महत्त्वाचा आहे. पायी चालणाऱ्याचा मान पहिला. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली स्त्री, गुरे घेऊन जाणारा गुराखी किंवा बैलगाडी आली, तर वाहन बाजूला घेऊन थांबवावे. बैल इंजिनाच्या आवाजाने बुजतात. म्हणून इंजिन बंद करावे आणि ते पुढे गेल्यावरच सुरू करावे. वाडीतून जाताना कर्णा वाजवू नये. उभ्या पिकातून किंवा खाचराच्या बांधावरून चाक नेऊ नये. वाटेत फाटक लागले, तर ते जसे असेल तसेच पुन्हा लावून पुढे जावे. बरोबर आणलेल्या पिशव्या, बाटल्या आणि कागद परत न्यावेत. पावसाने वाट ओली व मऊ झाली असेल, तर त्या दिवशी वाहन नेऊच नये. वाट वाळू द्यावी. वाटेलाही विश्रांतीची गरज असते.

रानाचा उपयोग करावा, पण तो विचाराने, ही शिकवण या भूमीला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे, याविषयी सूचना आहेत. गरजेचे लाकूड परवानगीने न्यावे, रयतेची आंबा-फणसाची झाडे मात्र बळाने तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जोपासलेली असतात, असा त्यांचा आशय आहे. पुढे ब्रिटिश अमदानीत जंगलावरील निर्बंधांमुळे लोकांचे हाल होऊ लागले, तेव्हा पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तेथे अनेक सत्याग्रही धारातीर्थी पडले. रानावर लोकांचाही हक्क आहे, हे सांगण्यासाठी त्यांनी प्राणांचे मोल दिले. स्वतंत्र भारतात २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचे हक्क मान्य करण्यात आले.

यावरून ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ ध्यानी येतो. सार्वजनिक म्हणजे कोणाचेच नाही, म्हणून कसेही वापरावे, असे नव्हे. सार्वजनिक म्हणजे सर्वांचे. रानातील वाट शहरातून आलेल्या प्रवाशाची आहे, तशीच ती कातकरीवाडीतील मुलाची आहे, तृषार्त सांबराची आहे आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या रातव्याचीही आहे. यांपैकी एकाच्या आनंदासाठी इतरांची वाट बंद होता कामा नये.

जीवनात पुष्कळदा असे सांगतात की, चाकोरी सोडून नवा मार्ग शोधावा. विचारांच्या क्षेत्रात तो उपदेश मोलाचा आहे. रानात मात्र आखून दिलेली चाकोरी न सोडणे, हाच मोठा गुण ठरतो. या बाबतीत मुलांनाही काही करण्यासारखे आहे. आपल्या गावाजवळच्या वाटांची नावे आणि त्यांचे जुने उपयोग वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्यावेत. पावसाळ्यापूर्वी वाटेवर आडवे दगड रचून पाणी बाजूला काढून देण्याचे काम गावकरी करीत असतील, तर त्यात हातभार लावावा. वाट विचारणाऱ्या पाहुण्याला कोणत्या वाटेने जावे हे सांगताना, कोणत्या वाटेने चाक नेऊ नये, हेही नम्रपणे सांगावे. बैलांच्या तांड्यांनी शेकडो वर्षे वापरलेल्या या वाटा आजवर टिकल्या आहेत. इंजिनाच्या युगातही त्या तशाच पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाच्या, तर सुकाणू धरणाऱ्या हातांना संयमाची जोड असली पाहिजे.